गोवर्धनला दरी दिसली

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपांमध्ये गोवर्धन खेरडेची गाडी सगळ्यात आधी भरायची. बाकीचे ड्रायव्हर स्टँडवर "सेमाडोह, हरिसाल, धारणी" ओरडून घसा कोरडा करत. गोवर्धन मात्र चहाच्या टपरीवर पाय लांब करून बसलेला असायचा आणि लोक आपण होऊन त्याच्या गाडीत चढायचे. कारण एकच. गोवर्धन लवकर पोचवतो. घटांगचा घाट तो अशा झपाट्याने चढायचा, की मागच्या बाकांवरच्या बायका एकमेकींचे हात धरून ठेवायच्या. खाली उतरल्यावर त्याच बायका दुसरीला सांगायच्या, "गोवर्धनभाऊच्या गाडीनं जाय माय, टायमात पोचशीन."

घर माळ्याचं. थोरला भाऊ नत्थुजी परतवाड्याच्या बाहेर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा. त्या भाजीच्या पोत्यांवर बसून गोवर्धन लहानपणी धारणीच्या बाजाराला जायचा आणि तिथेच त्याला गाडीचं वेड लागलं. भावाने वाफे सांभाळले, याने चाक धरलं. खुशालराव नावाच्या मालकाच्या तीन जीपा होत्या. त्यातली एक बावीस वर्षं याच्याच हाती होती. आता वय सत्तेचाळीस, अंगाने वाळका, आवाज मोठा, आणि उलटून बोललेलं अजिबात खपायचं नाही. गाडीत कोणी "भाऊ, जरा हळू" म्हटलं, की तो आरशातून त्याच्याकडे पाहायचा आणि आणखी जोरात न्यायचा.

या माणसाला दूरचं दिसत नव्हतं. ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती आणि त्यालाही नव्हती. पन्नास पावलांच्या पुढे जग हिरवं, तपकिरी, पांढरं असं पसरट होत जातं, ते सगळ्यांनाच तसं दिसत असणार, असं तो धरून चालला होता. जवळचं त्याला लख्ख दिसायचं. सुईत दोरा एका दमात ओवायचा. मग डोळे खराब म्हणायचे कशावरून? घाटातली वळणं त्याला पाठ होती. इंजिनाच्या आवाजावरून, चढावरून, सीटखाली बसणाऱ्या धक्क्यांवरून त्याला कळायचं, की आता डावीकडे, आता उजवीकडे. रस्ता तो डोळ्यांनी कमी आणि बुडाने जास्त चालवत होता.

हे पहिल्यांदा ओळखलं ते रागिणी तायडेने. रागिणी मूळची अकोल्याची, सेमाडोहच्या बाजूला एका उपकेंद्रात नर्स. नवरा अकोल्यात नोकरीला, ही परतवाड्यात खोली करून एकटी राहायची. रोज सकाळी सातच्या जीपने जायची आणि रोज पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी बसायची, कारण मागे तिला मळमळायचं. वर्षभर ती तशी बसली. एवढ्या काळात तिने पाहिलं, की समोरून येणाऱ्या गाडीला हा फार उशिरा बाजू देतो, आणि माणूस ओळखायला डोळे बारीक करतो. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी घाट संपल्यावर रस्त्याच्या कडेने एक म्हातारा कोरकू आदिवासी सायकल हातात धरून चालला होता. उन्हं समोरून येत होती. गाडी सरळ त्याच्या अंगावर चालली, तशी रागिणी किंचाळली. गोवर्धनने चाक वळवलं. आरसा सायकलच्या हँडलला लागला, म्हातारा नालीत पडला. गुडघा आणि कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. रागिणीने खाली उतरून त्याला पट्टी बांधली.

"मधात आला ना तो," गोवर्धन म्हणाला.

"तो मधात नवता आला. कडेनं चालला होता," रागिणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, गाडी खचाखच भरलेली असताना, तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊ, त्या समोरच्या पाटीवर काय लिवलं हाय?"

गोवर्धनने पाहिलंसुद्धा नाही. "सेमाडोह, वीस किलोमीटर. बावीस वर्सापासून तेच लिवलं हाय."

मागून खसखस पिकली. बकऱ्यांचा व्यापार करणारा रामराव रोजचा गिऱ्हाईक. तो सगळ्यात मोठ्याने हसला. "अबे गोवर्धन, ते बोर्ड कवाचं बदललं! 'गाडी हळू चालवा, जनावरांले आधी जाऊ द्या,' असं लिवलं हाय तठी. एवढाल्या अक्षरात!"

तोवर पाटी जवळ आली आणि गोवर्धनलाही ती दिसली. एवढाली अक्षरं होती. त्याचे कान तापले. सेमाडोहला रागिणी उतरली तेव्हा तो म्हणाला, "मास्तरीण व्हाचं होतं तुमाले. नर्स कायले झाल्या?"

रागिणी त्याच संध्याकाळी खुशालरावांच्या घरी गेली.

खुशालराव बोलायला रोखठोक. सकाळी स्टँडवर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे."

"काऊन?"

"तुले दिसत नाई म्हणते ते नर्सबाई. माया गाडीत चौदा लोकं बसतात. डोळे तपासून ये, चष्मा लागत असन तं लाव, नाई तं भावाच्या वावरात जाऊन वांगे तोड."

"त्या बाईच्या सांगण्यावरून? बावीस वर्सात एक घासा नाई गाडीले!"

"म्हाताऱ्याची सायकल काय हवेनं पडली?" खुशालराव म्हणाले. मागे उभा असलेला गजेंद्र हसला. हा जवान ड्रायव्हर गोवर्धनच्या पुढे नंबर लावायला कायम टपलेला असायचा. त्याचं ते हसणं गोवर्धनने नीट पाहून ठेवलं.

अमरावतीच्या डॉक्टरकडे बायको चंदा त्याला घेऊन गेली. भिंतीवरच्या तक्त्यावर त्याला वरचं एक अक्षर वाचता आलं. दुसऱ्या ओळीत त्याने अंदाजाने काहीतरी सांगितलं. डॉक्टरने विचारलं, "काम काय करता?"

"जीप चालवतो. मेळघाटात."

डॉक्टर लिहायचे थांबले. त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा चंदाकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागले. नंबर तीन आणि सव्वातीन, शिवाय सिलेंडर. सिलेंडर म्हणजे काय ते गोवर्धनने विचारलं नाही. बाहेर जिन्यावर चंदाचा बांध फुटला.

"मले वाटे माया माणूस पक्का ड्रायव्हर हाय. पोरगं पोटात होतं तवा तुमच्याच गाडीत बसून मी माहेरी गेली. पियुषले मांडीवर घेऊन घाटातून आली. अन् तुमी आंधळे!"

"आंधळा कोणाले म्हणतं?"

"तुमाले! वरचं एकच अक्षर वाचता आलं तुमाले. ते मलेबी आलं असतं, मी तं तिसरीत शाळा सोडली."

चष्मा तयार होऊन मिळाला तो आठवड्याने. दुकानदाराने तो नाकावर बसवला, कानामागे दाबून पाहिला आणि सांगितलं, "पहिले आठ-दहा दिवस त्रास होईल. जमीन खाली गेल्यासारखी वाटेल. बाजूला पाहायचं तर डोळे फिरवू नका, मान फिरवा. आणि काढून ठेवायचा नाही, नाहीतर सवय लागत नाही."

गोवर्धन दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागला आणि त्याचा पाय अधांतरी गेला. पायरी होती त्यापेक्षा वीतभर खोल दिसत होती. तो खांबाला धरून उभा राहिला. समोर राजकमल चौकातली गर्दी त्याच्या अंगावर आली. आजवर ज्या भिंती नुसत्या रंगीत होत्या, त्यांच्यावर आता अक्षरं होती. क्लासेस, दवाखाने, साड्या, वाढदिवसाचे फलक, सगळ्या पाट्या एकाच वेळी त्याच्यावर ओरडत होत्या. माणसांना चेहरे होते. रस्त्यापलीकडून एक अनोळखी बाई कपाळाला आठ्या घालून याच्याकडे पाहत होती आणि ते याला इथून दिसत होतं. म्हणजे आजवर लोक असं पाहत होते तर, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. त्याला एकदम सगळ्या दुनियेचा राग आला.

"कसं वाटते?" चंदाने विचारलं.

"ओकारी येऊन राहिली."

घरी चार दिवस त्याने छळ मांडला. कानामागे दुखतं, नाकावर वळ पडतात, डोकं ठणकतं. चहा प्यायला गेला की काचा धुरकटायच्या. मोबाइल पाहायला गेला की चष्म्यातून जवळचं दिसायचं नाही, मग काढायचा, मग पुन्हा लावायचा. ताटातली भाकरी लहान दिसते म्हणून तो चंदावर खेकसला, आणि ती म्हणाली, भाकरी तेवढीच आहे, तुमचं तोंड लहान झालं. नत्थुजी भेटायला आला. भावाच्या तोंडावर चष्मा पाहून म्हणाला, "तलाठी दिसून राहिला तू." गोवर्धनने त्याला चहासुद्धा विचारला नाही. या सगळ्याचं मूळ एकच, ती नर्सबाई. तिच्या सीटवर खिळे ठोकावेत असं त्याला वाटायचं.

खुशालरावांनी त्याला दोन दिवस रिकामी गाडी अकोटच्या सपाट रस्त्यावर चालवायला लावली. तिथे जमलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो पुन्हा स्टँडवर आला. रागिणी नेहमीसारखी पुढचं दार उघडून बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"बरं झालं, भाऊ," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

घाटापर्यंत सगळं ठीक होतं. घटांगच्या अलीकडे चढ सुरू झाला आणि एका वळणावर त्याने उजवीकडे मान फिरवली. कठडा दिसला. तीन जागी तुटलेला. तुटलेल्या जागी सिमेंटचे नवे-जुने तुकडे लोंबत होते. त्याच्यापलीकडे जमीन नव्हती. सागाचे शेंडे एकाखाली एक उतरत गेले होते, इतके खाली की तळाचे दगड हरभऱ्याएवढे दिसत होते, आणि एकेक वेगळा. बावीस वर्षं तिथे त्याला नुसता हिरवा पडदा दिसायचा, अंगणातल्या कुंपणासारखा, लागला तर अडवेल असा. आता तिथे काहीच नव्हतं. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

घटांगच्या पुढच्या मोठ्या वळणाखाली एक काळा खडक होता. त्याच्या खुणेने तो चाक वळवायचा. आज त्याने पाहिलं, तर खडकाला चाकं होती. चार, वर केलेली. ट्रक होता तो, उलटा, गंजलेला, चाकांमधून झाडं उगवलेला.

"रामराव," त्याने मागे न बघता विचारलं, "तो ट्रक कवाचा पडला हाय खाली?"

"कोणता? तो होय? अबे बारा वर्सं झाले त्याले. तूच तं त्या दिवशी माणसं काढाले दोर देल्ला होता!"

दोर दिल्याचं गोवर्धनला आठवत होतं. अंधारून आलं होतं, लोक ओरडत होते, दोन माणसं वर आली ती चादरीत. ट्रक मागाहून उचलून नेला असेल असं त्याने धरलं होतं. बारा वर्षं रोज दोनदा तो त्याच्यावरून गेला होता, आणि त्याचीच खूण धरून.

त्या दिवशी सेमाडोह यायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. उतरताना त्याचे तळहात इतके घामेजले होते की ते त्याने पँटला पुसले. रागिणीने पाहिलं. तिने पाहिलं याचाच त्याला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रात्री झोपेत त्याचा पाय ब्रेक दाबायचा. त्याला भेव वाटत होतं. हा शब्द त्याने आयुष्यात दुसऱ्यांसाठीच वापरला होता. स्टँडवर बोभाटा झाला, की गोवर्धनची गाडी आता बैलगाडीसारखी चालते. लोक गजेंद्रच्या जीपकडे वळायला लागले. गजेंद्र मुद्दाम याच्यासमोर उभा राहून ओरडायचा, "टायमात पोचाचं असन त्यानं इकडं या! चष्मेवाल्याची गाडी दुपारी निघन!" एकदा गोवर्धनने त्याची गचांडी धरली. चहावाल्याने सोडवलं. झटापटीत चष्मा खाली पडला, काच फुटली नाही, पण एक काडी वाकडी झाली आणि तेव्हापासून तो नाकावर तिरपा बसायचा.

सातव्या दिवशी धारणीचा बाजार होता. गाडी भरली ती गजेंद्रची जागा संपली म्हणून. चढणारे चढतानाच कुरकुरत होते. भाजीच्या पाट्यांवर पाट्या, मागे रामरावच्या दोन बकऱ्या. गाडी घाटाच्या मध्यावर आली, तोवर गजेंद्रची जीप धारणीला माणसं टाकायला कधीच पुढे निघून गेलेली. तिची धूळही उरली नव्हती. मागून एक पिकअप हॉर्न देत आली, याला ओलांडून गेली, आणि तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून "ढकलू का?" असं विचारलं. गाडीत हशा पिकला.

"गोवर्धन," रामराव म्हणाला, "बाजार उठल्यावर पोचवतं का आमाले? पहिले कसा चालवे बे तू! त्या काचा काढ अन् दाब!"

गोवर्धनने चष्मा काढला. शर्टाच्या खिशात कोंबला आणि गाडी दाबली.

दरी गेली. हिरवा पडदा परत जागेवर आला. दोन वळणं त्याने जुन्या गोवर्धनसारखी घेतली आणि मागून कोणीतरी "आता कसं!" म्हणून टाळी वाजवली.

"चष्मा लावा," रागिणी म्हणाली.

त्याने गिअर बदलला.

"गोवर्धनभाऊ, चष्मा लावा."

त्याने करकचून ब्रेक मारला. बकऱ्या ओरडल्या, पाट्या घसरल्या. "उतरा," तो म्हणाला. आठवड्यात तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "उतरा खाली. मायी गाडी हाय. तुमाले पटत नसन तं पायी जा."

"मी उतरणार नाई. चष्मा लावा अन् चला."

"तुमी कोण मले सांगणाऱ्या? मायी रोजी खराब केली, स्टँडवर मायं हसं केलं, मालकाचे कान भरले. आता गाडीतबी तुमचंच राज्य? उतरा म्हणतो ना!"

रागिणीने मागे वळून पाहिलं. चौदा माणसं होती. एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. रामराव म्हणाला, "बाई, तुमच्यापायी आमचा बाजार बुडून राहिला. कायले रोजची कटकट करता?" एक म्हातारी पुटपुटली, की शिकलेल्या बायांना तोंड फार. रागिणीचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तिने पिशवी उचलली, डबा उचलला, दार उघडलं. खाली उतरून तिने दार धरून ठेवलं.

"मी उतरली," ती म्हणाली, "पण बसलेल्यांनो, ऐकून घ्या. पहिले याले दिसत नवतं अन् याले ते माहीत नवतं. आता माहीत हाय. माहीत असून हा चष्मा खिशात घालून तुमाले घेऊन चालला."

गोवर्धनने वाकून दार ओढलं आणि गाडी सोडली.

आरशात ती लगेच पुसट झाली. घटांग पाच-सहा किलोमीटर मागे राहिलं होतं, सेमाडोह बरंच पुढे, मोबाइलला रेंज नाही, दोन्ही बाजूंना जंगल. तिचं ती पाहील, असं तो मनात म्हणाला. कोणी गाडीवाला घेईल तिला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मोठं वळण जवळ आलं आणि त्याची नजर खाली काळा खडक शोधू लागली. खडक होता. पण तो खडक नाही हे आता त्याला माहीत होतं. हिरव्या पडद्यामागे काय आहे तेही माहीत होतं, आणि माहीत असून ते दिसत नव्हतं. आधीचं न दिसणं वेगळं होतं. त्यात भेव नव्हतं. हे न दिसणं म्हणजे कोणीतरी डोळ्यांवर हात ठेवून गाडी चालवायला लावल्यासारखं होतं.

वळण घेतलं आणि पुढे रस्त्याच्या मधोमध काहीतरी काळं होतं. रानगवा असेल, माणूस असेल, सावली असेल. गाडी पुढे जात होती आणि त्याला ठरवता येत नव्हतं. त्याने गाडी थांबवली. खिशातून चष्मा काढून लावला. मोहाच्या झाडाची सावली होती ती, भर रस्त्यात पडलेली.

त्याने इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला.

"आता काय झालं?" रामराव ओरडला.

"थांबाचं हाय."

"कोणासाठी?"

मागे फिरवायला तिथे जागा नव्हती. गोवर्धन खाली उतरला, दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले आणि बंपरला टेकून उभा राहिला. मागे शिव्या सुरू झाल्या. बाजार, बकऱ्या, भाजी, तुझा बाप, तुझा मालक. त्याने त्या सगळ्या उभ्याउभ्या ऐकल्या. एकजण म्हणाला, गाडी मी चालवतो, किल्ली दे. "गाडीले हात लावून पाह्य," गोवर्धन म्हणाला, आणि तो माणूस परत आत बसला. चाळीस मिनिटांत वरून एक ट्रक आला आणि खाली गेला. वर जाणारं एकही वाहन आलं नाही.

मग वळणावर रागिणी दिसली. एवढ्या लांबून माणूस ओळखू येतो हे त्याला अजून नवंच होतं. एक चप्पल तुटली होती, ती तिने हातात धरली होती. चेहरा लालबुंद, पदर कमरेला खोचलेला. ती थांबलेल्या गाडीकडे पाहत आली, पण पावलांचा वेग तिने वाढवला नाही. पुढच्या सीटवर आता रामराव येऊन बसला होता.

"मागं जाय," गोवर्धन त्याला म्हणाला.

"मी काऊन जाऊ?"

"मागं जाय म्हणतो, नाई तं बकऱ्यांसंगं इथीच उतर."

रामराव बडबडत मागे गेला. रागिणी चढली, बसली, पिशवी मांडीवर घेतली. गोवर्धनने दगड काढले, गाडी सुरू केली. तो माफी मागेल असं तिला वाटत नव्हतं आणि त्यालाही वाटत नव्हतं. सेमाडोहला उतरताना ती एवढंच म्हणाली, "मी खुशालरावांले सांगणार हाय."

"सांगा," तो म्हणाला.

तिने सांगितलं. खुशालरावांनी स्टँडवर त्याच्या आई-बापाचा उद्धार केला आणि पंधरा दिवस किल्ली काढून घेतली. ते पंधरा दिवस गोवर्धन नत्थुजीच्या वाफ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसला. चंदाला जेव्हा कळलं, की नवऱ्याने बाईमाणसाला जंगलात उतरवलं, तेव्हा तिने दोन दिवस त्याच्यासमोर ताट ठेवलं पण तोंड उघडलं नाही. गोवर्धनला पहिल्यांदाच वाटलं, की भांडली असती तर बरं झालं असतं. चष्मा तो मळ्यातही काढायचा नाही. घामाने तो घसरायचा, मेथीची माती काचांवर बसायची, आणि तो वाफ्यातच उभा राहून त्याला शिव्या द्यायचा.

पंधरा दिवसांनी किल्ली परत मिळाली. मिळाली कारण घाटात बावीस वर्षं काढलेला दुसरा माणूस खुशालरावांना सापडला नाही. गोवर्धन हळूच चालवायचा, आणि आता त्याची सवय त्याने गिऱ्हाइकांना भांडून लावली. कोणी कुरकुर केली तर गाडी थांबवून म्हणायचा, "गजेंद्रची गाडी उद्या सातले भेटन. थांबता का तवर?" घाटाचं भेव गेलं नाही. थोडं कमी झालं. मोठ्या वळणावर तो अजूनही दात आवळून धरायचा आणि सेमाडोहला पोचल्यावर तळहात पँटला पुसायचा. भाड्याची माणसं घटली. राहिली ती म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, आणि पुढच्या सीटवर रागिणी. चौदा महिने ती तिथे बसली. चौदा महिन्यांत दोघांत जेवढं बोलणं झालं, ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. ती त्याच्या गाडीत बसायची कारण तिला दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायची हिंमत नव्हती. तो ते ओळखून होता, आणि तेवढ्यावरून त्याने तिला माफ केलं नाही. तिनेही केलं नाही. तुटलेली चप्पल हातात घेऊन ती तीन वळणं चालली होती. ते विसरण्यासारखं नव्हतं.

मग तिची बदली अकोला जिल्ह्यात झाली, नवऱ्याच्या गावाजवळ. शेवटच्या दिवशी सेमाडोहचा पूल ओलांडताना ती म्हणाली, "उद्यापासून मी येणार नाई."

"आयकलं मी."

"वर्स होऊन गेलं. नंबर पुन्हा तपासून घ्या. बदलत राहते तो."

"तुमी चालल्या तरी कटकट काई जात नाई तुमची," गोवर्धन म्हणाला. त्याने गाडी उपकेंद्राच्या वाटेवर आत घातली. एरवी तो नाक्यावरच उतरवायचा. मागचे लोक, कुठे चाललास म्हणून ओरडले, त्यांना त्याने आरशातून गप्प बसवलं.

रागिणी उतरली. केंद्रात परत करायच्या दोन पिशव्या, एक खोकं. ते त्याने उतरवून दिलं नाही, तिनेच उतरवलं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दार लोटलं. ते नीट लागलं नाही. गोवर्धनने वाकून ते आतून ओढून घेतलं, तिरपा चष्मा बोटाने नाकावर सरळ केला, आणि गाडी मागे घेऊन हरिसालच्या रस्त्याला लावली.